नाव मोठं, पण काम कोणतं?

रात्रीचा दीड वाजला होता. हॉस्टेलचं वाय-फाय नेहमीप्रमाणे झोपलेलं आणि माझी रूममेट नेहमीप्रमाणे जागी! तिच्या लॅपटॉपवर 'एल्डन रिंग' चालू होता. आठव्यांदा की नवव्यांदा मरून झाल्यावर ती जरा थांबली, सामानाच्या यादीत शिरली आणि एका जुन्या तलवारीखाली लिहिलेली तीन-चार ओळींची माहिती वाचायला लागली. वाचून झाल्यावर म्हणाली, "काय भारी लिहिलंय गं! हे मार्टिनने लिहिलंय?"

"मग काय! जाहिरातीत नाव आहे ना त्याचं," मी पांघरुणातूनच निकाल देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सबमिशन सोडून मी हाच विषय वाचत बसले (सबमिशनच्या आदल्या दिवशी जगातला कुठलाही विषय इंटरेस्टिंग वाटतो, अनुभव घेऊन बघा). तेव्हा कळलं की माझा निकाल साफ चुकीचा होता. ती ओळ मार्टिनने लिहिलेली नव्हती. मग जाहिरातीतल्या त्या मोठ्या नावाचा अर्थ तरी काय? या प्रश्नाने डोकं खाल्लं, म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. 'ऱ्हस्व' हा शब्द लिहितानाच माझी पहिली चूक होते. पण मराठी विभागाच्या संपादकांनी "विषय कुठलाही चालेल, फक्त मराठीत लिही" असं म्हटल्यामुळे हे धाडस. चुका पोटात घाला.

ज्या सरांना-मॅडमना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोल प्लेइंग गेम म्हणजे ज्यात तुम्ही एक पात्र होता, त्याचं बळ, हत्यारं, स्वभाव स्वतः ठरवता आणि एका मोठ्या जगात भटकता. याची सुरुवात कॉम्प्युटरवर झालीच नाही. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तो कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ होता. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसायचे, त्यातला एक जण सूत्रधार. जग कसं आहे, तिथला इतिहास काय, हे सूत्रधाराला माहीत असायचं आणि बाकीचे त्यात आपापलं पात्र खेळायचे. हा सूत्रधार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. जॉर्ज आर. आर. मार्टिन म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले. त्या कादंबऱ्यांचा पहिला भाग १९९६ साली आला, पाचवा २०११ साली. त्यावरची टीव्ही मालिका १९ मे २०१९ ला संपली. शेवट कसा झाला यावरून अख्ख्या जगात भांडणं चालू होती आणि सहाव्या पुस्तकाची वाट बघून वाचकांना तेव्हाच आठ वर्षं होत आली होती. अशा वेळी, बरोबर तीन आठवड्यांनी, ९ जून २०१९ ला, लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेम्सच्या मेळ्याच्या वेळी 'एल्डन रिंग'ची घोषणा झाली. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा गेम, बंदाई नामको प्रकाशक. जाहिरातीत दोन नावं: 'डार्क सोल्स'चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आणि कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. या दोघांनी मिळून निर्माण केलेलं नवं जग, अशी जाहिरात.

टायमिंग बघा! मार्केटिंग इलेक्टिव्हच्या सरांनी उदाहरण म्हणून फळ्यावर लिहावं असं.

आणि यातली खरी गंमत तर पुढेच आहे. त्या पहिल्या ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष खेळ असा काही दाखवलाच नव्हता. खेळ कसा दिसतो ते नीट दाखवणारा ट्रेलर आला थेट जून २०२१ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं लोकांकडे होतं काय? थोडी दृश्यं आणि दोन नावं. तरीही लोक वाट बघत राहिले, अंदाज बांधत राहिले. ज्याने आयुष्यात कधी 'डार्क सोल्स'ला हात लावला नाही त्यालाही वाटलं, की मार्टिनचा आहे म्हणजे राजकारण असणार, घराणी असणार, भर लग्नात कत्तल असणार!

मग गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला. आणि ही सगळी मंडळी गोंधळली. कारण इथे कोणी गोष्ट सांगतच नाही. तुम्ही एका पडक्या जगात जाता, बहुतेक राजे वेडे झालेत, त्यांची युद्धं कधीच संपलीत, आणि झालं काय हे तुम्ही तलवारीखालच्या त्या तीन-चार ओळींतून जुळवायचं. आमच्या विंगमधल्या एकीने तीस तास खेळून विचारलं, "यात मार्टिन कुठेय?"

तर ऐका, मार्टिन कुठेय. मार्टिननी या जगाचा पूर्वेतिहास लिहिला. खेळ सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा काळ. कोण कोणाचा मुलगा, कोणाचं कोणाशी वैर, ते एल्डन रिंग फुटण्याआधी जग कसं होतं. हे त्यांनी लिहून दिलं आणि बाजूला झाले. खेळात प्रत्यक्ष काय घडतं, पात्रं काय बोलतात, तलवारीखाली काय लिहिलंय, हे सगळं मियाझाकी आणि त्यांच्या टीमचं काम. आणि जपानीतलं ते लिखाण इंग्रजीत आणलं फ्रॉगनेशन नावाच्या कंपनीने. म्हणजे माझ्या रूममेटला जी ओळ 'भारी' वाटली ती मुळात जपानी माणसांनी लिहिली आणि इंग्रजीत ती आणखी कोणीतरी घडवली. त्या 'कोणीतरी'चं नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मलाही नव्हतं.

मियाझाकींनी असं का केलं याचं कारण मला फार पटलं. गेमसाठी लिहिणं म्हणजे शंभर बंधनं. खेळाडू कधी, कुठे, कुठल्या क्रमाने जाईल सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या लेखकाला या बंधनांत अडकवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा खेळाडू जिथे पोचणारच नाही असा काळ त्यांना द्यावा, म्हणजे ते मोकळेपणी लिहितील. मार्टिनच्या लिखाणाचा उपयोग त्यांनी टेबलावरच्या खेळातल्या सूत्रधाराच्या पुस्तिकेसारखा केला. (सूत्रधार लक्षात ठेवायला सांगितला होता ना!) पुस्तिका सूत्रधाराजवळ असते, खेळणाऱ्यांना ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय जग उभं राहत नाही. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, पायाचं काम कुणाला दिसत नाही.

मियाझाकींबद्दल आणखी एक गोष्ट वाचली. लहानपणी ते आपल्या वयाला जड अशी पुस्तकं वाचायचे. अर्धं कळायचं, अर्धं नाही. जे कळायचं नाही ते कल्पनेने भरायचे. त्यांचे गेम असे तुटक का असतात याचं मूळ तिथे आहे म्हणे. हे वाचून मला एकदम आजीकडची सुट्टी आठवली. आजीच्या कपाटातली मराठी पुस्तकं मी अशीच वाचायची. दर ओळीला दोन शब्द अडायचे, विचारायची लाज वाटायची, मग अर्थ मीच लावायचा. माझ्या डोक्यातल्या त्या कादंबऱ्या मूळ लेखकांनी ओळखल्यासुद्धा नसत्या! (ओरॅकलमधली नोकरी सोडून मियाझाकी २००४ साली फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये गेले, हेही कॅम्पस प्लेसमेंटच्या हंगामात सहज सांगून ठेवते.)

असो. आता प्रश्न असा, की ही फसवणूक आहे का?

आमच्या मेसच्या टेबलावर यावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, सरळ फसवणूक. माणसाने पूर्वेतिहास लिहायचा आणि नाव द्यायचं दिग्दर्शकाच्या जोडीला? दुसरा पक्ष म्हणाला, गेम चांगला निघाला ना? तीन आठवड्यांच्या आत एक कोटी वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या, २०२२ च्या गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' मिळालं, मग तक्रार कसली? (त्याच समारंभात उत्कृष्ट कथनाचं पारितोषिक मात्र 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'ला गेलं. पहिल्या पक्षाने हे दोनदा ऐकवलं.)

मला दोन्ही पक्ष अर्धे पटतात. कारण मियाझाकींनी काही लपवलं नव्हतं. घोषणेच्या वेळच्या मुलाखतीतच त्यांनी मार्टिनचं काम कुठपर्यंत आहे ते सांगितलं होतं. मार्टिन तर त्याहून साधे. मालिका संपल्यावर आपण काय काय करतोय हे सांगताना मे २०१९ मध्ये त्यांनी स्वतः एवढंच लिहिलं, की जपानच्या एका गेमसाठी आपण सल्ला दिला. सल्ला! म्हणजे लेखक म्हणतो सल्ला दिला, दिग्दर्शक म्हणतो पूर्वेतिहास लिहिला, आणि जाहिरात म्हणते दोघांनी मिळून जग निर्माण केलं. तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण लोकांपर्यंत पोचतं ते तिसरं, कारण तेच मोठ्या अक्षरात असतं.

मोठं नाव लावलं म्हणजे सगळं जमतंच असंही नाही. याच धंद्यातलं दुसरं उदाहरण घ्या. आर. ए. साल्वातोरे हे फँटसी कादंबऱ्यांमधलं बडं नाव, १९८८ पासून लिहिताहेत. कर्ट शिलिंग या बेसबॉलपटूने '३८ स्टुडिओज' ही कंपनी काढली (३८ हा त्याच्या जर्सीचा नंबर) आणि साल्वातोरेंना नव्या जगाचा इतिहास लिहायला घेतलं. त्यांनी दहा हजार वर्षांचा इतिहास तयार केला! चित्रकार टॉड मॅकफार्लेन, डिझायनर केन रोलस्टन आणि साल्वातोरे, या तीन नावांवर 'किंगडम्स ऑफ अमालूर: रेकनिंग'ची जाहिरात झाली. गेम फेब्रुवारी २०१२ मध्ये आला, लोकांना बराच आवडलाही. पण कंपनीचा जीव मोठ्या ऑनलाइन गेमच्या खर्चात अडकला होता. रोड आयलंड राज्याने २०१० साली साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. मे २०१२ मध्ये जवळपास चारशे लोकांची नोकरी गेली, तीही थकलेल्या पगारासह, आणि जूनमध्ये दिवाळं. दहा हजार वर्षांचा इतिहास लिहून तयार होता आणि कंपनी सहा वर्षंसुद्धा धड टिकली नाही. जाहिरातीतली तिन्ही नावं आजही सगळ्यांना माहीत आहेत. त्या चारशेंपैकी किती जणांची माहीत आहेत?

तिसरं उदाहरण याच्या उलट. पोलंडचे आंद्रेई सापकोव्स्की, 'विचर'चे लेखक. पहिली विचरकथा १९८६ सालची. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने गेमसाठी हक्क मागितले, नफ्यात वाटाही देऊ केला. यांना गेम चालेल असं वाटलंच नाही, म्हणून त्यांनी एकरकमी पैसे घेतले आणि मोकळे झाले. २००७ साली पहिला गेम आला, २०१५ साली तिसरा, आणि तो जगभर गाजला. २०१८ साली सापकोव्स्कींच्या वकिलांनी सहा कोटी झ्लॉटी मागितले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दोघांत नवा करार झाला. इथे लेखकाचं नाव गेमवर आहे, पात्रं त्याची आहेत, पण गेमच्या कामात तो जवळजवळ नाहीच.

म्हणजे बघा, एकाने पाया दिला, एकाने इतिहास लिहिला आणि प्रचारालाही उभा राहिला, एकाने फक्त हक्क विकले. तीन पूर्ण वेगळी कामं. जाहिरातीत मात्र तिन्हीकडे लेखकाचं नाव सारखंच चमकतं.

इथपर्यंत मी न्यायाधीश होते. आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

गेल्या वर्षी टेकफेस्टमध्ये गेम बनवायची स्पर्धा होती. आम्ही चौघं. दोन मुलं कोडिंगला, चित्रं आणि पब्लिसिटी माझ्याकडे, आणि लिखाण माझ्या याच रूममेटकडे. तिने कल्पना आणली ती तिच्या आजोळची: धरणात बुडालेल्या गावात एक पोस्टमन शिल्लक पत्रं वाटत फिरतो. प्रत्येक घराला एक पत्र, प्रत्येक पत्राला एक गोष्ट. तिने मेसमध्ये, लेक्चरला मागच्या बाकावर, बसमध्ये, जिथे मिळेल तिथे बसून ती पत्रं लिहिली. एका पत्रासाठी तर आजीला तीनदा फोन करून विचारलं, की गाव उठलं तेव्हा देवळातली मूर्ती कोणी आणि कशी नेली.

आमचे एक सीनियर आता गेमिंगमध्ये आहेत, कॅम्पसमध्ये त्यांना मान आहे. त्यांना आम्ही एकदा व्हिडिओ कॉल केला. अर्धा तास बोलले, दोन चांगल्या सूचना दिल्या. मनापासून दिल्या, त्यांचा काहीच दोष नाही. पोस्टर करताना मी विचार केला, आमच्या चौघांच्या नावावर कोण येणार? म्हणून वर ठसठशीत अक्षरात सीनियरचं नाव टाकलं आणि त्यामागे 'संकल्पना' असा शब्द. त्यांना विचारलंसुद्धा नाही. आमची नावं गेमच्या शेवटच्या पडद्यावर.

गर्दी झाली! मार्केटिंग यशस्वी! पण शेवटचा पडदा कोणी बघितलाच नाही, कारण पुढचा खेळाडू रांगेत उभा असायचा आणि आम्हीच घाईघाईने गेम पुन्हा सुरू करायचो. परीक्षकांनी पत्रांचं कौतुक केलं आणि म्हणाले, "संकल्पना त्यांची म्हटल्यावर वाटलंच होतं." मी शेजारी उभी होते. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही.

रूममेटही काही बोलली नाही. रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात तिने एवढंच विचारलं, "मी नक्की काय केलं ते तू कुठे लिहिलंयस?"

खरं सांगते, त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. आणि परवा ती तलवारीची ओळ वाचून तिने "हे मार्टिनने लिहिलंय?" असं विचारलं तेव्हा मी झोपेतसुद्धा तीच चूक पुन्हा केली. मोठं नाव दिसलं की सगळं त्याच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं.

म्हणून माझं मत असं, की मोठ्या नावावर जाहिरात करण्यात पाप नाही. न बघितलेली वस्तू विकायची म्हणजे ओळखीचं काहीतरी पुढे करावंच लागतं. पण नाव एकटं छापू नका. नावाबरोबर क्रियापद छापा. 'पूर्वेतिहास लिहिला.' 'सल्ला दिला.' 'कथांचे हक्क दिले.' 'भाषांतर केलं.' क्रियापद आलं की नाव आपोआप योग्य मापाचं होतं. आणि जे मोठं नाव नाही, त्याच्या नावाचं क्रियापद तरी मोठं दिसू दे. एखादी कंपनी असं करेल अशी भाबडी आशा मला नाही. क्रियापदं तिकिटं खपवत नाहीत हे मला पोस्टर केल्यामुळे चांगलंच माहीत आहे. पण निदान या कॅम्पसवर, जिथे प्रोजेक्ट रिपोर्टवर चार नावं असतात आणि काम दोघांचंच असतं (हसू नका, सर्वांना माहीत आहे), तिथे आपण सुरुवात करू शकतो. नाव, आणि पुढे त्याने काय केलं ते.

मार्टिनला यात कमीपणा नाही. उलट पूर्वेतिहास लिहिणं हे किती मोठं काम आहे ते मला क्रियापद कळल्यावरच कळलं. आता तो पडका किल्ला बघताना वाटतं, इथे पूर्वी कोण राहत होतं ते एका म्हाताऱ्या लेखकाने अमेरिकेत बसून ठरवलं, आणि तो किल्ला पाडायचा कसा ते जपानमधल्या टीमने. दोघांबद्दलचा आदर वाढतो, कमी होत नाही.

तेव्हा शेवटी, एका वर्षाने उशिरा, पोस्टरची दुरुस्ती. पोस्टमनच्या त्या गेमची कल्पना आणि त्यातलं प्रत्येक पत्र माझ्या रूममेटने लिहिलं. कोडिंग त्या दोघांनी केलं. सीनियरनी अर्धा तास वेळ आणि दोन सूचना दिल्या. चित्रं मी काढली, आणि खोटं पोस्टरही मीच केलं.

तिचं नाव इथे छापायला तिने सक्त मनाई केली आहे. विचारून आले मी, या वेळी!

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर